उष्णतेची वीज होते, पण कुठे आणि किती?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचता यावं म्हणून बोललं तसंच छापलं आहे.)

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, शेतातून येऊन नुकत्याच टेकलेल्या, सगळ्यांना नमस्कार.

आज मी एका अवघड शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द आहे थर्मिऑनिक. घाबरू नका, मीही घाबरले होते. मी बी.ए. मराठी घेऊन केलं, विज्ञान दहावीलाच सुटलं. हा शब्द मला पुस्तकात भेटला नाही. तो एका पत्रकावर भेटला आणि समजून घ्यायला मी उशीर केला, म्हणून आमच्या गटातल्या ७ जणींचे प्रत्येकी ५०० रुपये गेले. ते कसे गेले ते आधी सांगते, मग शब्दाकडे वळू.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बैठकीला एक विक्रेता आला. सोबत लोखंडी चूल. चुलीच्या बाजूला पत्र्याची पेटी, पेटीवर पाण्याची छोटी टाकी, पेटीतून निघालेल्या दोन वायरी आणि वायरींना लावलेला एलईडी दिवा. त्यानं चूल पेटवली. पाच-सात मिनिटांत दिवा लागला. टाळ्या पडल्या. पत्रकावर ठळक अक्षरात थर्मिऑनिक चूल असं छापलेलं होतं. खाली लिहिलं होतं की हे अंतराळातलं तंत्रज्ञान आहे, आणि स्वयंपाक होता होता घरातला पंखा, टीव्ही, मिक्सर सगळं चालेल. किंमत १२,००० रुपये. आमच्या गटात १० जणी. म्हणजे अंतर्गत कर्जातून १,२०,००० रुपये काढायचे होते. भारनियमनाला कंटाळलेल्या बायका आम्ही, मन लगेच तयार झालं. ठराव लिहायला मीच वही उघडली. बुकिंगचे ५०० रुपये ७ जणींनी तिथल्या तिथे दिले, तेही माझ्याच हातून.

आमच्या गटातल्या सगळ्यांत वयस्कर मावशी मात्र चुलीजवळून उठल्या नव्हत्या. त्यांना दिव्याचं कौतुक नव्हतं, त्या टाकीत बोट घालून बघत होत्या. पाऊण तासानं त्या म्हणाल्या, "अगं, पाणी कोमट झालं तशी बत्ती मंद झाली. आच तर तेवढीच आहे." विक्रेता म्हणाला, लाकूड ओलं आहे. मावशी म्हणाल्या, लाकूड माझ्या घरचं आहे, खडखडीत वाळलेलं. मग त्यांनी टाकीतलं पाणी ओतून दिलं आणि माठातलं गार पाणी भरलं. दिवा पुन्हा लख्ख झाला.

मैत्रिणींनो, मावशींच्या त्या एका तांब्यात आजचं सगळं भाषण आहे. ठराव त्या दिवशी थांबला. पण दिलेले ३,५०० रुपये परत आले नाहीत. पत्रकावरचा फोन आठ दिवसांत बंद झाला. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि ते पैसे माझ्या मानधनातून हप्त्यानं भरले. त्यानंतर मी ठरवलं की ज्या शब्दानं आपल्याला फसवलं, तो शब्द नीट शिकायचाच. आमच्या हायस्कूलमधल्या विज्ञानाच्या बाईंकडे चार रविवार जाऊन बसले. त्या म्हणाल्या, शब्द खोटा नाही, खरा आहे. फक्त तो त्या चुलीचा नाही.

तर आता त्या शब्दाकडे.

थर्म म्हणजे उष्णता. आपण थर्मामीटर म्हणतो, थर्मास म्हणतो, तोच हा थर्म. आणि आयन म्हणजे विजेचा भार घेऊन फिरणारा कण. तापल्यामुळे धातूतून बाहेर पडणारे विजेचे कण, त्यांचं शास्त्र ते थर्मिऑनिक.

धातूच्या प्रत्येक तुकड्यात, अगदी आपल्या उलथन्यातसुद्धा, इलेक्ट्रॉन नावाचे अतिशय बारीक कण मोकळे फिरत असतात. तारेतून वीज वाहते म्हणजे हेच कण एका दिशेनं सरकतात. पण ते धातूच्या आतल्या आत फिरतात, पृष्ठभागाबाहेर पडत नाहीत. जणू धातूला चारी बाजूंनी उंच उंबरठा आहे आणि ही लेकरं अंगणात जाऊ शकत नाहीत. धातू तापवला की लेकरं उड्या मारायला लागतात. खूप तापवला की त्यातली काही उंबरठा ओलांडून बाहेर पडतात.

पातेल्यातलं पाणी आठवा. गार पाण्यातून वाफ दिसत नाही. आच वाढली की पाण्याचे कण सुटून वर जातात. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन तसेच सुटतात. फरक आचेत आहे. पाण्याला १०० अंश पुरतात. बल्बमध्ये जी टंगस्टन धातूची तार असते, तिच्यातून नाव घेण्याजोगे इलेक्ट्रॉन सुटायला १,७०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. आणि इथे एक गंमत आहे. ही तार १,७०० अंशांवरून २,२०० अंशांवर नेली, तर बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन दीडपट-दुप्पट होत नाहीत, सुमारे ३०० पट होतात. म्हणजे आच थोडी कमी पडली तर काम थोडं कमी होत नाही, जवळजवळ होतच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुम्ही म्हणाल, हे आम्ही कुठे पाहिलं? पाहिलंय, रोज पाहिलंय.

जुन्या ट्यूबलाइटची दोन्ही टोकं काळी पडलेली असतात ना? त्या टोकांच्या आत बारीक तारेचं वेटोळं असतं आणि त्यावर बेरियमसारख्या पदार्थाचा लेप असतो. बेरियमचा उंबरठा कमी उंचीचा, म्हणून कमी आचेवरही इलेक्ट्रॉन भराभर सुटतात आणि ट्यूब पेटते. लेप झिजून काचेवर बसतो, त्याचा तो काळा डाग. लेप संपला की ट्यूब फडफडते आणि आपण ती बदलतो.

तालुक्याच्या दवाखान्यात हाताचा एक्स-रे काढताना ऑपरेटर बटण अर्धं दाबून क्षणभर थांबतो, मग पूर्ण दाबतो. त्या क्षणात यंत्राच्या आतली तार तापते. तिच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन मोठ्या दाबानं समोरच्या धातूवर आपटतात आणि एक्स-रे निघतात. तापलेल्या तारेची ही एक्स-रे नळी १९१३ साली अमेरिकेत कूलिज या शास्त्रज्ञानं बनवली.

आणि तिसरं उदाहरण आपल्या घरचं, म्हणजे रेडिओचं. जुन्या रेडिओचं बटण फिरवलं तरी लगेच आवाज येत नसे. अर्धा मिनिट थांबावं लागे, मग आतून तांबूस उजेड दिसे आणि गाणं सुरू होई. त्या रेडिओत काचेचे वॉल्व्ह असत, आणि वॉल्व्हमधली तार तापून इलेक्ट्रॉन सुटेपर्यंत रेडिओ मुका असे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत एक प्रयोग केला होता. गावकऱ्यांनी मंडळ करून रेडिओभोवती बसायचं, शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. आपण आज गटात करतो तेच. ती माणसं ज्या आवाजाभोवती बसली, तो तापलेल्या तारेतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर येत होता.

हे पहिल्यांदा लक्षात कसं आलं? १८८० नंतरच्या काळात अमेरिकेत एडिसन बल्ब सुधारत होता. बल्बची काच आतून काळी का पडते हे शोधताना त्यानं आत आणखी एक धातूचा तुकडा बसवला. तो तुकडा तारेला कुठेही टेकलेला नव्हता, मध्ये पोकळी होती. तरी तार तापली की त्या पोकळीतून किंचित वीज वाहताना दिसली. १८८३ साली त्यानं त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, पण हे का होतं ते त्याला उमगलं नाही. उमगणार कसं? इलेक्ट्रॉन सापडला तो १८९७ साली, जे. जे. थॉमसन यांना. पुढे ओवेन रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानं कोणत्या आचेला किती इलेक्ट्रॉन सुटतात याचा नियम मांडला, आणि त्याबद्दल त्यांना १९२८ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

आता मुख्य प्रश्न. ट्यूबलाइट, एक्स-रे, रेडिओ, या सगळ्यांत आपण वीज घालतो आणि तार तापवतो. उलटं होईल का? आच घालायची आणि वीज काढायची?

होतं. पुन्हा पातेल्याकडे या. डाळ उकळते आहे, वर झाकण आहे. वाफ वर जाते, गार झाकणाला लागते आणि तिचे थेंब होतात. समजा त्या झाकणाला पन्हळ लावली, थेंब पन्हळीतून खाली पातेल्यातच परत आणले आणि वाटेत एक छोटं चाक ठेवलं. आच चालू असेपर्यंत चाक फिरत राहील.

थर्मिऑनिक यंत्र म्हणजे एवढंच. एक पत्रा अतिशय तापवायचा, तो झाला पातेल्याचा तळ. त्याच्यासमोर अगदी जवळ, पण न टेकता, दुसरा कमी गरम पत्रा, ते झालं झाकण. मधली हवा काढून टाकायची. तापलेल्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, फट ओलांडतात आणि समोरच्या पत्र्यावर जमतात. दोन्ही पत्र्यांना बाहेरून तार जोडली की ते तारेतून मागे पहिल्या पत्र्यात येतात. वाटेत दिवा ठेवला तर दिवा लागतो. ना पाणी, ना वाफ, ना फिरणारं चाक, ना आवाज.

पण झाकणही पातेल्याइतकंच तापलं तर? मग त्यावर थेंब जमत नाहीत. यंत्रातही समोरचा पत्रा तेवढाच तापला तर तोही इलेक्ट्रॉन उलटे पाठवायला लागतो. जेवढे इकडून जातात तेवढे तिकडून येतात, हिशेब शून्य. म्हणून उष्णतेतून वीज काढणाऱ्या कोणत्याही यंत्राला नुसती आच पुरत नाही, एक बाजू गरम आणि दुसरी तिच्यापेक्षा बरीच थंड लागते. वीज त्या दोन बाजूंमधल्या फरकावर चालते. आमच्या मावशींनी माठातलं पाणी ओतलं तेव्हा त्यांनी हाच फरक परत आणला होता.

परळीच्या किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रालाही हाच नियम लागू आहे. तिथे कोळशाच्या आचेनं पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरतं, आणि मग ती वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करावं लागतं. ते प्रचंड मोठे मनोरे त्या थंड करण्यासाठीच असतात. एवढं करूनही कोळशाच्या आचेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. बाकीची वाया जाते.

तापलेल्या पत्र्यातून थेट वीज काढण्याची कल्पना जुनी आहे. श्लिख्टर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं ती १९१५ सालीच मांडली होती. मग घरोघरी अशी यंत्रं का नाहीत? दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण गर्दीची. एसटी थांबली की पुढचे प्रवासी उतरून दारातच उभे राहतात आणि मागच्यांना उतरता येत नाही. इलेक्ट्रॉनांचं तसंच होतं. सगळ्यांवर ऋण भार, आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. पहिले सुटलेले इलेक्ट्रॉन फटीत ढगासारखे जमतात आणि मागून येणाऱ्यांना परत धातूत ढकलतात. यावर एक उपाय म्हणजे फट इतकी बारीक ठेवायची की ढग जमायला जागाच उरू नये. पण ती फट आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक लागते. एवढे तापलेले दोन पत्रे एवढ्या जवळ, न टेकता, वर्षानुवर्षं ठेवणं फार कठीण. तापल्यावर धातू फुगतो, वाकतो. आपला पत्र्याचा तवासुद्धा वाकतो.

दुसरा उपाय सीझियम नावाच्या धातूचा. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत यावर जोरात काम झालं. सीझियम हा मोठा विलक्षण धातू आहे. साडेअठ्ठावीस अंशांनाच तो वितळतो, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही तो पातळच राहील. पाण्याचा थेंब लागला तर स्फोट होतो, म्हणून तो काचेत बंद करून ठेवतात. त्याची थोडी वाफ त्या फटीत सोडली की दोन कामं होतात. सीझियमचा कण तापलेल्या पत्र्याला टेकला की आपला एक इलेक्ट्रॉन तिथे सोडतो आणि स्वतः धन भाराचा होतो. हे धन कण त्या ऋण ढगात मिसळले की ढकलाढकली थांबते आणि दारातली गर्दी मोकळी होते. शिवाय पत्र्यावर सीझियमचा पातळ थर बसला की उंबरठाच खाली येतो. शास्त्रज्ञ हा उंबरठा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात. नुसत्या टंगस्टनचा सुमारे साडेचार, सीझियमचा थर बसल्यावर दोनच्याही खाली.

दुसरी अडचण आचेची. उंबरठा उतरवला तरी भरपूर वीज हवी असेल तर गरम पत्रा साधारण १,५०० अंश आणि त्याहून वर ठेवावा लागतो. एवढ्या आचेला हवेत राहिला तर टंगस्टन जळून जातो. बल्बची काच फुटली की तार लगेच जळते, ती त्यामुळेच. शिवाय रिकाम्या फटीतूनही आच पलीकडे जातेच, जसं सूर्याचं ऊन रिकाम्या आकाशातून आपल्यापर्यंत येतं. ती आच फुकट जाते आणि समोरच्या पत्र्याला तापवते, तो नुकसानीचा भाग वेगळाच. एका जोडीतून दाबही साधारण एक व्होल्टपेक्षा कमी मिळतो. आपल्या टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे त्याच्याहूनही कमी. म्हणून अशा पुष्कळ जोड्या एकापुढे एक लावाव्या लागतात.

तरीही एका ठिकाणी हे यंत्र खरोखर चाललं, आणि पत्रकवाला बोलत होता ते तेच. १९८७ साली तेव्हाच्या सोव्हिएत रशियानं कॉसमॉस १८१८ आणि कॉसमॉस १८६७ असे दोन उपग्रह सोडले. त्यांच्यात तोपाझ नावाची छोटी अणुभट्टी होती. युरेनियमची आच, तिच्याभोवती थर्मिऑनिक नळ्या, आत सीझियमची वाफ. सुमारे १५० किलोवॉट उष्णतेतून ५ किलोवॉटच्या आसपास वीज निघे. म्हणजे ३० भाग आच घाला, एक भाग वीज घ्या. एक भट्टी सुमारे पाच महिने चालली, दुसरी सुमारे अकरा महिने. सीझियम संपलं आणि त्या थांबल्या. ते बंद पडलेले उपग्रह अजून वर फिरत आहेत.

एवढ्या तोट्याचा व्यवहार त्यांनी का केला? कारण अंतराळात टर्बाइन, पाणी, दुरुस्तीला माणूस, काहीच नाही. हलणारा भाग नसलेलं यंत्र तिथे सोन्याच्या मोलाचं. आणि तिथे आच बाहेर टाकायला वाराही नसतो, ती नुसती पत्र्यातून फेकावी लागते. पत्रा जितका गरम तितकी आच भराभर बाहेर पडते. थर्मिऑनिक यंत्राची थंड म्हणायची बाजूसुद्धा ५०० ते ६०० अंशांची असते, त्यामुळे आच फेकणारा पत्रा लहान चालतो. जिथे प्रत्येक किलो वर नेण्याला खर्च आहे, तिथे हे परवडतं.

आता आपल्या चुलीकडे या. लाकडाचा लालबुंद निखारा साधारण ७०० ते ९०० अंशांचा. थर्मिऑनिक यंत्राची थंड बाजू ज्या आचेला असते, तिच्याहून थोडा वर, एवढाच. १,५०० अंश चुलीत येणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि मघाशी सांगितलं तसं, आच कमी पडली की इलेक्ट्रॉन थोडे कमी होत नाहीत, नाहीसेच होतात.

मग आमच्यासमोर तो दिवा लागला कसा? बाईंनी सांगितल्यावर मी बैठकीत उरलेली ती पेटी उघडली. आत पांढऱ्या टाइलसारखा चार बोटं रुंद चौकोनी तुकडा होता, एक लाल आणि एक काळी वायर असलेला. त्याला थर्मोइलेक्ट्रिक तुकडा म्हणतात. नावं चुलत बहिणींसारखी आहेत, पण काम वेगळं. यात फट नसते, पोकळी नसते, इलेक्ट्रॉनांना उडी मारावी लागत नाही. खास पदार्थाच्या आतल्या आत ते गरम बाजूकडून थंड बाजूकडे सरकतात. म्हणून कमी आचेवरही हे चालतं. त्याचं मूळ १८२१ सालचं. झेबेक या शास्त्रज्ञानं दोन वेगळ्या धातूंचे जोड केले, एक जोड तापवला आणि जवळची होकायंत्राची सुई हलली.

ही चुलत बहीण काही वाईट नाही. १९५० नंतरच्या दशकात सोव्हिएत रशियात वीज नसलेल्या खेड्यांसाठी रॉकेलच्या दिव्याच्या काचेभोवती असे तुकडे बसवत. बाहेरून धातूच्या पंखांसारख्या पट्ट्या, थंड ठेवायला. त्या एका कंदिलावर घरात उजेडही पडे आणि रेडिओही चाले. रेडिओ वॉल्व्हचा होता, म्हणजे बाहेर थर्मोइलेक्ट्रिक आणि आत थर्मिऑनिक, दोघी बहिणी एकाच घरात.

पण किती वीज, हे बघा. तासाला किलोभर लाकूड जाळलं तर आच साधारण ४ किलोवॉटची. तिच्यातला मोठा भाग धुराबरोबर आणि भांड्यात जातो. त्या तुकड्यातून थोडी आच जाते आणि जेवढी जाते तिचे शंभरातले चार-पाच भागच वीज होतात. चुलीवरच्या एका तुकड्यातून हाती येतात काही मोजके वॅट. त्यात एलईडी दिवा लागतो, मोबाइल चार्ज होतो. मिक्सरला ५०० वॅट लागतात. शिवाय हा तुकडा साधारण २५० अंशांच्या पुढे खराब होतो, म्हणजे उघड्या निखाऱ्यावर ठेवला तर मेला. आणि पाणी गार ठेवायचं काम कायम आपल्याच डोक्यावर, म्हणजे बाईच्याच.

तर विक्रेत्यानं दाखवलेला दिवा खरा होता. अंतराळातली गोष्टही खरी होती. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये त्यानं एक खोटी बसवली, म्हणून ती आम्हाला दिसली नाही.

आता आमच्या गटानं वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहून ठेवले आहेत. कोणतंही यंत्र आलं, चूल असो, सोलर असो, पाण्याचं असो, आधी हे विचारायचं.

एक. किती वॅट, आणि सलग किती तास? नुसतं चालतं म्हणू नका, आकडा सांगा आणि तो पावतीवर लिहून द्या.

दोन. उष्णतेवर चालत असेल तर गरम बाजू कोणती, थंड बाजू कोणती, आणि ती थंड कोण ठेवणार?

तीन. चाचणी आमच्या घरी, आमच्या लाकडावर, पूर्ण दोन तास. पहिल्या दहा मिनिटांच्या दिव्याला टाळ्या नाहीत.

चार. बिघडलं तर कुठे न्यायचं? पत्ता सांगा, नुसता मोबाइल नंबर नको. आणि चाचणी होईपर्यंत बुकिंगचा एक रुपयाही नाही.

शेवटी एक सांगते. त्या दिवशी बैठकीत सगळ्यांत जास्त शिकलेली मी होते, आणि शाळेची पायरी न चढलेल्या मावशी होत्या. मी पत्रक वाचलं. त्यांनी पाण्यात बोट घातलं. नंतर बाईंकडून सगळं शिकून आल्यावर मी मावशींना इलेक्ट्रॉन, उंबरठा, झाकण, सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी म्हणत होते तेच ना?" हो मावशी, तेच.

तुमच्याही गटात कुणी असं पाण्यात बोट घालणारं असेल, तर बैठकीत त्यांना पुढे बसवा. येते. नमस्कार.

गटात चर्चेसाठी:

१. पातेल्यात पाणी उकळा. एकदा गार झाकण ठेवा, एकदा चुलीवर तापवलेलं झाकण ठेवा. थेंब कशावर जास्त जमतात ते बघा आणि का ते एकमेकींना सांगा.

२. घरातल्या प्रत्येक विजेच्या वस्तूवर लिहिलेले वॅट वाचून यादी करा. ५ वॅटमध्ये यातलं काय चालेल?

३. गेल्या दोन वर्षांत गावात कोणकोणती यंत्रं विकायला आली? वरच्या चार प्रश्नांपैकी आपण कोणते विचारले होते?